पियानो अचूक वाजतो, पण त्यात गाणे ऐकू येत नाही: मुलांना कसे शिकवावे?

पांढरी_पट्टी (पुणे)

नमस्कार. मी कोथरूडला राहत्या घरी पियानोचे वर्ग घेते. या कामाला नऊ वर्षे झाली असून सध्या माझ्याकडे सात ते सोळा वयाचे १७ विद्यार्थी आहेत. बहुतेक मुले नियमित येतात, सराव करतात, ग्रेडच्या परीक्षा देतात आणि उत्तीर्णही होतात. तरीही गेले वर्षभर एक गोष्ट मला सतत खटकते आहे आणि तिच्याविषयी येथील जाणकारांचे मत हवे आहे.

माझी एक अकरा वर्षांची विद्यार्थिनी आहे. जर्मन संगीतकार बाख याच्या पत्नीच्या, म्हणजे 'ॲना माग्दालेनाच्या वही'तील जी मेजरमधील मिन्युएट ती गेले दोन महिने वाजवते आहे. स्वर एकही चुकत नाही, बोटे ठरल्याप्रमाणे पडतात, मेट्रोनोमशी (ठोके देणाऱ्या लययंत्राशी) लय तंतोतंत जुळते आणि कागदावर जेथे जोरात वाजवण्याची खूण आहे तेथे ती जोरात वाजवते. पण ऐकताना असे वाटते की कोणीतरी पाढे म्हणते आहे. बत्तीस बार (तीन-तीन मात्रांचे विभाग) संपतात, ती हात मांडीवर ठेवते आणि 'झाले' म्हणते. तिला ते वाजवून आनंद झाला की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही आणि तिने मन लावून केलेल्या इतक्या कष्टांनंतर हे पाहणे मला फार जड जाते.

मागच्या आठवड्यात मी तिला म्हटले, 'थोडे भाव आणून वाजव.' तिने अगदी सरळपणे विचारले, 'म्हणजे मोठ्याने वाजवू की हळू?' तिचा प्रश्न योग्यच होता आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. मी स्वतः वाजवून दाखवले. तिने माझी हुबेहूब नक्कल केली, पण पुढच्या वेळी ती आली तेव्हा नक्कलही उरली नव्हती.

हा प्रश्न एकट्या तिचा नाही. १७ पैकी दहा-बारा मुले अशीच वाजवतात. कलात्मकता ही उपजतच असते, शिकवता येत नाही, असे काही ज्येष्ठ शिक्षक मला म्हणाले. मला ते पटत नाही, परंतु ते खोडून काढण्यासाठी माझ्यापाशी ठोस असे काही नाही. आपण वर्गात नेमके काय करता, कोणत्या क्रमाने करता आणि कोणत्या रचना देता, हे कृपया सविस्तर सांगावे.

मांडवीतीर (पणजी)

पांढरी_पट्टी, आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण बहुतेक शिक्षक तो स्वतःलाही विचारत नाहीत. मी पणजीत सुमारे पंचवीस वर्षे पियानो शिकवतो आहे आणि माझा अनुभव असा की 'भाव आण' हे वाक्य मुलाच्या हाताला काहीच सांगत नाही. हाताला कळते ते एवढेच: वाक्य कोठे सुरू झाले, कोठे चालले आहे आणि श्वास कोठे घ्यायचा. म्हणून मी आपल्याच मिन्युएटविषयी लिहितो.

ही रचना अनेक वर्षे बाखची म्हणून ओळखली जात होती, परंतु ती ड्रेस्डेनचे ऑर्गनवादक क्रिस्टियन पेटझोल्ड यांची आहे हे १९७० च्या दशकात स्पष्ट झाले. वही १७२५ सालची आहे. मुलीला हे अवश्य सांगावे, कारण दोनशे वर्षे ज्याचे नाव कोणी घेतले नाही असा माणूस आपण वाजवतो आहोत, हे कळल्यावर मुले त्या कागदाकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

आता जी ला षड्ज माना आणि पहिले आठ बार तिच्याकडून सरगमने गाऊन घ्या. पहिल्या दोन बारांत 'प, सारेगम, प, सा, सा' असे येते. पुढच्या दोन बारांत तेच बोलणे एक पायरी वर चढून 'ध, मपधनी, सां, सा, सा' असे होते. त्यानंतरचे चार बार मात्र एका दमात खाली उतरतात, 'म, पमगरे', 'ग, मगरेसा', 'नी, सारेगसा', आणि 'रे' वर थांबतात. म्हणजे दोन लहान श्वास आणि मग एक मोठा. आठव्या बारातील तो 'रे' प्रश्न विचारल्यासारखा अधांतरी राहतो आणि सोळाव्या बारात 'सा' वर त्याचे उत्तर मिळते. आपली विद्यार्थिनी बहुधा प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर सारखाच ठोका देत असणार, म्हणून पाढ्यांसारखे ऐकू येते. एकदा हे गाऊन झाले की कोणता 'सा' मोठा आणि कोणता लहान हे तिला सांगावे लागणार नाही.

शिवाय मिन्युएट हे नृत्य आहे. त्याचे मूळ पाऊल एका बारात पूर्ण होत नाही, दोन बारांच्या सहा मात्रांत मिळून चार पावले पडतात. मी मुलांना पियानोपासून उठवून खोलीत चालायला लावतो आणि दर दोन बारांनी एकदाच गुडघा किंचित वाकवायला सांगतो. परत येऊन बसल्यावर त्यांच्या वाजवण्यातले निम्मे ठोके आपोआप गळून पडतात.

आणखी एक बारीक गोष्ट तपासून पाहा. दुसऱ्या बारातील ते दोन 'सा' उजव्या अंगठ्यावर येतात. अंगठा हे हाताचे सर्वांत जड बोट आहे आणि मूल बेसावध असेल तर वाक्याच्या शेपटावरच घाव बसतो. वाक्य संपताना आवाज खाली यायला हवा, नेमके तेथेच तो वाढतो. हा दोष तिच्या भावनेचा नसून अंगठ्याचा आहे आणि तो दहा मिनिटांत दाखवून देता येतो.

गाऊन घेण्याचा आग्रह मी गोव्याच्या परंपरेतून घेतला आहे. आमच्याकडे चर्चच्या पाठशाळांत पोर्तुगीज काळापासून मुले आधी स्वरवाचन गाऊन शिकत आणि व्हायोलिन हातात नंतर येई. पॅरिसमध्ये संगीतकार शोपँही आपल्या विद्यार्थ्यांना गाणे शिकायला आणि इटालियन ऑपेराच्या गायकांना ऐकायला सांगत असे. त्याच वेळी त्याच्या पियानोवर मेट्रोनोम कायम असे आणि उजवा हात कितीही मोकळा झाला तरी डाव्या हाताने लय सोडता कामा नये, असा त्याचा दंडक होता, हे त्याच्या शिष्यांनी लिहून ठेवले आहे. तेव्हा मेट्रोनोम काढून टाकू नका, फक्त त्याला डाव्या हाताकडे सोपवा.

रचनांविषयी: जर्मन संगीतकार शुमानने १८४८ साली मुलांसाठी ४३ रचनांचा जो संग्रह केला, त्याची सुरुवात थोरली मुलगी मारी हिच्या सातव्या वाढदिवसाच्या निमित्ताने झाली होती. त्यातील दहावी रचना 'आनंदी शेतकरी' मी प्रत्येकाला देतो, कारण तिच्यात गाणे डाव्या हातात आहे आणि उजव्या हाताने नुसती साथ करायची आहे. ज्या मुलाला हा तोल सांभाळता येतो, त्याचे कान उघडले असे समजावे. बुर्गम्युलरचे ओपस १०० मधील पंचवीस अभ्यासपाठही उपयोगी पडतात. त्यातील प्रत्येकाला नाव आहे आणि नावामुळे मुलाच्या मनात काहीतरी चित्र उभे राहते. मात्र सर्वांत महत्त्वाचे हे की मूल ज्या ग्रेडला असेल त्याच्यापेक्षा दोन ग्रेड सोपी अशी एक रचना त्याच्याकडे कायम असू द्यावी. स्वर शोधण्यातच सगळी शक्ती खर्च होत असेल तर ऐकायला उरते काय?

तारजुळणी (ठाणे)

मी शिक्षक नाही. पियानो जुळवणे आणि दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे. वरील उत्तर मला मनापासून आवडले, पण त्याआधीचा एक प्रश्न कोणी विचारला नाही, तो मी विचारतो. ही मुलगी घरी कशावर सराव करते?

मी ज्या घरांत जातो, तेथे शिक्षकांकडे पियानो असतो आणि विद्यार्थ्यांकडे बहुधा ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड असतो. आठवड्यातील एक तास ते पियानोवर बसतात आणि बाकीचे सहा दिवस स्प्रिंगच्या पट्ट्या दाबतात. पियानोची पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते, तेवढ्यात आतली हातोडी तारेच्या दिशेने सुमारे ४५ मिलिमीटर उचलली जाते आणि तार दीड-दोन मिलिमीटर दूर असतानाच ती यंत्रणेतून सुटते. तेथून पुढे ती स्वतःच्या वेगाने जाऊन तारेवर आपटते. म्हणजे पट्टी तळाला पोहोचल्यानंतर बोटाने कितीही जोर केला तरी त्या स्वरात काडीचा फरक पडत नाही. जे काही करायचे ते त्या १० मिलिमीटरच्या प्रवासात, पट्टी किती वेगाने खाली नेली यातून करायचे असते. अनेक मुले स्वर वाजल्यानंतर बोट रुतवून धरतात, मनगट ताठ होते आणि पुढचा स्वर आपोआप कठोर येतो. मी दुरुस्तीसाठी पियानो उघडतो तेव्हा घरातल्या मुलांना बोलावून हातोडी कशी सुटते हे मुद्दाम दाखवतो. पट्टी अगदी सावकाश दाबली तर हातोडी तारेपर्यंत पोहोचतच नाही आणि स्वर वाजत नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावर मुलांना खूप काही कळते. आपल्याकडे उभा पियानो असेल तर वरचे झाकण आणि पुढची फळी काढून हे आपणही दाखवू शकाल.

हलक्या कीबोर्डवर हा सगळा अनुभव मिळत नाही. शिवाय अनेक कीबोर्डांत स्पर्शाप्रमाणे आवाज कमी-जास्त होण्याची सोय बंद करता येते आणि ती बंद असल्याचे घरच्यांना माहीतही नसते. मग मूल हळुवार वाजवो वा जोरात, आवाज एकच येतो. महिनोन् महिने असे झाले की कान 'हात आणि आवाज यांचा संबंध नाही' असे शिकतात. तेव्हा विद्यार्थिनीच्या घरी एकदा जाऊन वाद्य पाहून यावे, अशी माझी विनंती आहे.

मिरजेची_पेटी (मिरज)

मी पेटीवाला माणूस. पियानो मी ऐकला आहे, वाजवलेला नाही. तरीही तारजुळणी यांच्या म्हणण्यावर थोडे लिहितो, कारण हलका कीबोर्ड म्हणजे सगळे संपले असा अर्थ त्यातून कोणी काढू नये.

पेटीची पट्टी जोरात दाबली काय आणि हळू दाबली काय, आवाज तोच येतो. लहान-मोठा आवाज भात्यात आहे, बोटात नाही. तरीही दोन पेटीवादकांची बोटे वेगळी ओळखू येतात. याचे कारण असे की स्वर कधी लावायचा, किती धरायचा आणि कोणत्या क्षणी सोडायचा, यावर आमचे सगळे काम चालते. साथीला बसलो की गवयाचा दम कोठे तुटतो याकडे आमचे लक्ष असते आणि तेथे आमचेही बोट उचलले जाते. पट्टीवरून बोट उचलणे हे पट्टी दाबण्याइतकेच शिकण्यासारखे आहे आणि बहुतेक मुलांना ते कोणी शिकवत नाही.

माझ्या माहितीप्रमाणे १७२५ च्या सुमारास हार्प्सिकॉर्ड हे पियानोच्या आधीचे पट्ट्यांचे वाद्य वाजवले जाई आणि त्यावरही स्पर्शाने आवाज फारसा कमी-जास्त होत नसे. तेव्हा ती मिन्युएट ज्यांनी त्यावर वाजवली, त्यांनीही बोट उचलण्यातून आणि स्वरांच्या मधल्या जागांतूनच ती बोलकी केली असणार. मुलीचा कीबोर्ड हलका असेल तर त्यावर तिला हाच अभ्यास द्यावा. ते दोन 'सा' एकमेकांना चिकटून न वाजवता मध्ये बोटभर जागा ठेवली तर काय होते, हे तिला स्वतःला शोधू द्यावे.

पियानोची खरी अडचण मला वेगळीच वाटते. पेटीचा स्वर भाता चालेपर्यंत टिकतो, पियानोचा स्वर मात्र लागल्या क्षणापासून विरू लागतो. विरत चाललेल्या स्वराला पुढचा स्वर जोडायचा म्हणजे मधली पोकळी मनातल्या मनात गाऊन भरावी लागते. म्हणून एक साधा प्रयोग सुचवतो. एकच स्वर वाजवून तो पूर्ण विरेपर्यंत मुलाने डोळे मिटून ऐकावा आणि ऐकू येईनासा झाला की हात वर करावा. शिक्षकानेही बरोबर हात वर करावा. कोणाचा हात आधी वर जातो ते पाहा. बहुधा मुलांचे कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण निघतात आणि त्यांना त्याचा फार आनंद होतो.

आठवीची_आई (डोंबिवली)

पालकांच्या बाजूने थोडे लिहिते. माझा मुलगा सहा वर्षे पियानो शिकला आणि पाचव्या ग्रेडनंतर त्याने वाद्य बंद केले. आम्ही त्याला वर्षाला एक ग्रेड याप्रमाणे पुढे ढकलत होतो. वर्षभरात त्याच्या हाताखालून फक्त तीन रचना जात, त्याही परीक्षेच्या. त्याला काय वाजवायला आवडते हे आम्ही त्याला कधी विचारले नाही आणि याचे मला आजही वाईट वाटते. आता तो कधीतरी कानाने ऐकून एखादे गाणे वाजवतो, चुकत वाजवतो, पण अर्धा अर्धा तास उठत नाही. पूर्वी वीस मिनिटांचा गजर लावून बसवावे लागे. माझी शिक्षकांना एवढीच विनंती आहे की ग्रेडचा आग्रह पालक धरत असतील तर त्यांना स्पष्ट शब्दांत थांबवा. आम्हाला कोणी थांबवले नाही.

मांडवीतीर (पणजी)

ताई, आपण लिहिलेले मनाला लागले. परंतु दोष परीक्षेच्या रचनेत आहे असे मी म्हणणार नाही. लंडनच्या एबीआरएसएम या संगीत-परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या नेहमीच्या परीक्षेत १५० पैकी ९० गुण तीन रचनांना असतात आणि त्यांचे मूल्यमापन पाच अंगांनी होते: स्वर, लय, नाद, आकार आणि सादरीकरण. म्हणजे अचूक स्वर आणि लय ही पाचांपैकी दोनच अंगे झाली. २०२० पासून त्यांनी जी सादरीकरणाची वेगळी परीक्षा सुरू केली, तिच्यात चार रचना सलग वाजवायच्या असतात आणि संपूर्ण सादरीकरणालाही स्वतंत्र ३० गुण असतात. परीक्षकाला संगीत ऐकायचे असते. आपण शिक्षक आणि पालक मिळून उत्तीर्ण होण्यापुरते पाहतो आणि दोन ग्रेडच्या मधले मोकळे वर्ष मुलाला देत नाही. मी माझ्याकडे एक नियम केला आहे: परीक्षा झाल्यावर किमान सहा महिने पुढच्या ग्रेडचे पुस्तक उघडायचे नाही. त्या काळात मूल आपल्या आवडीच्या आठ-दहा लहान रचना वाजवते. काही पालक या नियमामुळे माझ्याकडून मुले काढून घेतात. ते मी स्वीकारले आहे.

कानाने वाजवण्याविषयी आपण लिहिले ते फार मोलाचे आहे. हंगेरियन संगीतकार बार्तोकने मुलांसाठी हंगेरियन आणि स्लोव्हाक लोकगीतांवर रचना केल्या, कारण ती गाणी त्या मुलांच्या कानांत होती. आपल्या मुलांच्या कानांत ओव्या आहेत, आरत्या आहेत, गोव्यात मांडो आहे. आठवड्याला एक ओळखीची चाल स्वतः शोधून वाजवणे हा गृहपाठ मी सर्वांना देतो, अगदी आठव्या ग्रेडच्या मुलांनाही.

पांढरी_पट्टी (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

तारजुळणी यांच्या सांगण्यावरून मी विद्यार्थिनीच्या घरी गेले. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे आणि त्यातील स्पर्शाची सोय खरोखरच बंद होती. ती चालू केल्यावर मुलीने एकच स्वर सात-आठ वेळा वेगवेगळ्या जोराने वाजवून पाहिला आणि 'हा तर तुमच्या पियानोसारखा करतोय' असे म्हणाली. दोन वर्षे ती त्यावर सराव करत होती आणि मी एकदाही चौकशी केली नव्हती. ही चूक माझी आहे. आता उरलेल्या सोळाही मुलांकडे मी जाणार आहे.

सरगमचा उपयोग अपेक्षेपेक्षा लवकर झाला. ती शाळेत थोडे गाणे शिकते, त्यामुळे 'सारेगम' तिला परके नव्हते. आठव्या बारातील 'रे' वर ती आता स्वतःहून किंचित थांबते आणि मी ते तिला सांगितले नव्हते. विरत जाणाऱ्या स्वराचा प्रयोग सर्व मुलांवर केला. लहान मुलांना तो फार आवडला. चौदा-पंधरा वर्षांच्या दोघा मुलांना गाण्याची लाज वाटते आणि ती कशी घालवावी हे मला अजून साधलेले नाही. त्यांना सध्या मी गुणगुणण्यावर ठेवले आहे.

अंगठ्याचा घाव मात्र कायम आहे. माझ्या घरी, पियानोवर तो बराच कमी होतो, पण तिच्या घरून ध्वनिमुद्रण येते त्यात दुसऱ्या आणि चौथ्या बारात तो स्पष्ट ऐकू येतो. कीबोर्ड तिच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवलेला आहे आणि ती जेवणाच्या टेबलाची खुर्ची घेऊन बसते. याचा काही संबंध असेल का?

तारजुळणी (ठाणे)

निश्चितच संबंध आहे. पियानोच्या पट्ट्यांचा वरचा भाग जमिनीपासून सुमारे ७२ ते ७४ सेंटिमीटरवर असतो. अभ्यासाचे टेबलच ७५ सेंटिमीटरचे धरले आणि वर कीबोर्डची जाडी मोजली तर तिचे हात दहा-बारा सेंटिमीटर जास्त वर जातात. मग कोपर खाली राहतो, मनगट लोंबते आणि अंगठा पट्टीवर आडवा होऊन सगळ्या हाताच्या वजनासह आदळतो. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर यायला हवा.

कीबोर्डसाठी उंची बदलता येणारा लोखंडी स्टँड मिळतो, तो घेता आला तर उत्तम. तोपर्यंत खुर्चीवर घट्ट घडी घातलेली सतरंजी ठेवून तिला उंच बसवा. तसे केल्यावर अकरा वर्षांच्या मुलीचे पाय अधांतरी लोंबतील आणि तोल राखण्यासाठी ती पुन्हा हातांवर रेलेल, म्हणून पायांखाली जेवणाचा लाकडी पाट ठेवा. एक पुरला नाही तर दोन ठेवा.